म्हाताऱ्या माणसाला घरात कोणी छळतंय का: ओळखायचं कसं, विचारायचं काय, करायचं काय

वयस्कर माणसाला घरात त्रास होत असेल तर तो कधीतरी आपल्याला सांगेलच असं आपण धरून चालतो. तो सांगत नाही. का सांगत नाही ते बघा, त्रास देणारा बहुतेक वेळा परका नसतोच, मुलगा असतो, मुलगी असते, सून, जावई, नातू, नवरा किंवा बायको, नाहीतर चोवीस तास घरात राहणारा केअरटेकर, आणि त्याचं नाव घेतलं तर उद्या आंघोळ कोण घालणार, गोळ्या कोण देणार, आणि "तक्रार केलीत ना, मग आता बघा तुमचं तुम्ही" असं झालं तर जायचं कुठे. शिवाय लाज असते. आपणच वाढवलेलं पोर आपल्यावर हात उगारतं हे चारचौघांत बोलायचं कसं? कित्येकांना तर मनातून वाटत असतं की चूक आपलीच, आपणच फार कटकट करतो. आणि विसरण्याचा आजार असेल तर सांगितलेलं कोणी खरं धरत नाही. म्हणून पहिली गोष्ट ही की तक्रार येण्याची वाट बघू नका, आपण होऊन बघायचं आणि आपण होऊन विचारायचं.

हे क्वचित होतं असंही समजू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीच्या पुढच्या साधारण दर ६ जणांपैकी एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. हा आकडा २०१७ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या आढाव्यातला आहे, २८ देशांतले ५२ अभ्यास एकत्र करून काढलेला. त्यात सगळ्यात जास्त निघाला मानसिक छळ, ११.६ टक्के, मग पैशाची लुबाडणूक ६.८, मग दुर्लक्ष ४.२, आणि मारहाण २.६ टक्के. म्हणजे आपण सगळ्यात आधी ज्याची शंका घेतो ती मारहाण यादीत बरीच खाली आहे, आणि अंगावर वळ नाहीत म्हणजे सगळं ठीक असं म्हणून निघालात तर बहुतेक प्रकरणं तुमच्या समोरून निघून जातील.

छळ म्हणायचं कशाला

वृद्धांचा छळ रोखण्यासाठीच्या २००२ च्या टोरांटो जाहीरनाम्यात याची जी व्याख्या दिलीय तिचा साध्या भाषेत अर्थ असा, की ज्या नात्यात भरवसा ठेवायचा असतो त्याच नात्यात एकदा किंवा वारंवार काहीतरी केलं गेलं, किंवा करायला हवं होतं ते केलंच नाही, आणि त्यामुळे त्या माणसाला इजा झाली किंवा त्रास झाला, तर तो छळ. यातलं "केलंच नाही" नीट लक्षात ठेवा. "आम्ही कधी हातसुद्धा लावला नाही" असं म्हणणारी माणसं खोटं बोलत नसतात, त्यांनी खरंच हात लावलेला नसतो, आंघोळ घालायलासुद्धा नाही.

मानसिक छळ म्हणजे नुसत्या शिव्या नव्हेत. दिवसदिवस न बोलणं, माणूस समोर बसलेला असताना त्याच्याबद्दल "यांना काही कळत नाही" असं पाहुण्यांना सांगणं, नातवंडांना जवळ जाऊ न देणं, "जास्त बोललात तर वृद्धाश्रमात टाकू" ही रोजची धमकी, मोबाईल काढून घेणं, कानाचं मशीन किंवा चष्मा मुद्दाम हाताला न येईल असा ठेवणं. हे शेवटचं विशेष वाईट, कारण ऐकू येत नाही, दिसत नाही अशा माणसाला बाहेरचे लोक आपोआपच गोंधळलेला समजतात आणि मग तो काही बोलला तरी कोणी मनावर घेत नाही.

लैंगिक छळ या वयातही होतो. तो होऊच शकत नाही असं सगळे धरून चालतात म्हणून डॉक्टरसुद्धा विचारत नाहीत. कपड्यांवर रक्ताचे डाग, त्या जागी सूज किंवा जखम, कपडे बदलताना अचानक घाबरणं किंवा प्रतिकार करणं हे दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि शक्यतो त्याआधी आंघोळ घालू नका, कपडे धुवू नका, तपासणीला ते लागतात.

दुर्लक्ष कसं दिसतं

याच्यावर थोडा जास्त वेळ घालवू, कारण हे हळूहळू होत जातं आणि रोज बघणाऱ्याला दिसतच नाही. एक नेहमीचा प्रकार सांगते, रात्री लघवीला उठवावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच द्यायचं नाही. करणाऱ्याच्या मनात कदाचित काही वाईट नसतं, त्यालाही झोप हवी असते, पण म्हाताऱ्या शरीराला तहान आधीच कमी लागते, त्यात पाणी तोडलं की बद्धकोष्ठता, लघवीचं इन्फेक्शन, चक्कर येऊन पडणं, आणि एकाएकी भ्रम झाल्यासारखं वागणं हे सगळं मागोमाग येतं, मग घरचे म्हणतात "डोकं गेलं आता यांचं". दोन दिवसांत माणूस अचानक बदलला तर ते म्हातारपण नसतं, डॉक्टरला दाखवायची गोष्ट असते, एवढं पक्कं.

अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर चादर बाजूला करून बघायला लाजू नका. माकडहाड, टाचा, कमरेच्या दोन्ही बाजूची हाडं, खांद्यामागे, आणि कायम एका कुशीवर झोपत असतील तर कानसुद्धा. तिथे लालसर डाग दिसला तर बोटाने दाबा आणि सोडा, दाबल्यावर क्षणभर पांढरं पडलं तर ठीक, लालच राहिलं तर बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट जागा हाताने चाचपायची. कूस बदलायला साधारण दोन तासांचं अंतर सांगतात, गादीवर आणि माणसाच्या तब्येतीवर ते कमीजास्त होतं. पण बेडसोअर दिसला म्हणजे कोणीतरी छळतंयच असंही नाही, फार अशक्त माणसाला चांगली काळजी घेऊनही होतो. विचारायचं ते हे की कधी दिसला, कोणाला दाखवला, त्यावर काय केलं. उत्तर नीट मिळालं तर तुम्हाला कळेलच, आणि "अहो असं असतंच या वयात" एवढंच उत्तर आलं तरी कळेल.

बाकीच्या खुणा पटकन: वाढलेली नखं, तोंडाला वास, कवळी सैल झालेली, ऋतूला न शोभणारे कपडे, ओला डायपर तासन् तास तसाच, संपून गेलेली किंवा न फोडलेली औषधांची पाकिटं. आणि वजन. वजनाची चिठ्ठी महिन्याला एकदा लिहून ठेवायची, कारण नसताना महिनाभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर ती गंभीर गोष्ट धरतात.

माणूस एकटा राहत असेल आणि स्वतःच स्वतःकडे बघत नसेल, खात नाही, घर साफ नाही, औषधं घेत नाही, तर त्यामागे कोणी छळणारा नसतो पण धोका तेवढाच असतो, तिथेही आधी नैराश्य आणि विसरण्याचा आजार तपासून घ्यायचे.

अंगावरचे डाग

म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ होते, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नुसतं दाराला घासलं तरी निळं-काळं होतं. म्हणून डाग दिसला की लगेच कोणावर धावून जाऊ नका. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २००५ मधल्या, असं दिसलं की सहज लागून पडलेल्या दर १० डागांपैकी ९ हातापायांवर होते. म्हणजे मानेवर, कानावर, चेहऱ्यावर, पाठीवर, मांडीच्या आतल्या बाजूला डाग असेल तर जास्त विचार करायला हवा, तसंच दोन्ही दंडांवर बोटांच्या आकाराचे डाग (कोणीतरी गच्च धरून हलवलेलं) किंवा मनगटाभोवती गोल वळ (बांधून ठेवलेलं). रंगावरून डाग किती दिवसांचा ते सांगता येत नाही, पिवळा म्हणजे जुना हे तितकंसं खरं नाही, त्यामुळे "हा तर मागच्या आठवड्यातला दिसतोय" असल्या हिशोबात पडू नका.

त्याच संशोधकांनी पुढे मार बसलेल्या वयस्कर लोकांना तपासलं तेव्हा डाग असलेल्यांपैकी बहुतेकांना तो कसा पडला हे सांगता आलं, स्मरणशक्ती कमी झालेल्यांपैकीसुद्धा अनेकांना. सहज लागलेलं मात्र फारसं कोणाला आठवत नव्हतं. म्हणजे विचारायचं! आपण म्हणतो यांना कुठलं आठवणार, पण मारलेलं आठवतं.

पैसा

इथे चोर दाराने येत नाही, सही मागत येतो. लक्ष कशावर ठेवायचं तर, बँकेचे मेसेज कोणाच्या मोबाईलवर येतात, एटीएम कार्ड आणि पिन कोणाकडे आहे, पैसे येतात तरी लाइट बिल थकलंय किंवा "परवडत नाही" म्हणून औषध बंद केलंय असं होतंय का, कागदावर कशाची सही केली ते त्यांना स्वतःला सांगता येतं का, आणि गेल्या काही महिन्यांत एखादा नवीनच "फार चांगला" माणूस घरात येजा करायला लागलाय का जो बाकीच्या सगळ्यांबद्दल त्यांचे कान भरतो. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) यातलं काहीही घाईघाईत झालं असेल, विशेषतः आजारपणात किंवा जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, तर चौकशी करायलाच हवी.

हे टाळायचं काम माणसाचं डोकं शाबूत असतानाच करायचं, नंतर करायला गेलात तर तुमच्यावरच संशय येतो आणि तो चुकीचाही नसतो. अधिकार एकाच मुलाला द्यायचा नाही असं मी म्हणत नाही, पण हिशोब बघणारा दुसरा माणूस हवा, स्टेटमेंटची एक कॉपी त्याला जायलाच हवी, मग अधिकार असलेला कितीही गुणी असो. कुलमुखत्यारपत्र सरसकट सगळ्या गोष्टींसाठी न करता ठरावीक कामापुरतं करता येतं. वकील मुलाने आणलेला नको, वयस्कर माणसाने निवडलेला हवा, आणि त्याने त्यांच्याशी एकट्याने बोलायला हवं, खोलीत दुसरं कोणी नको. कुठल्याही कागदावर त्याच दिवशी सही नाही, कागद एक रात्र घरी राहणार, हा नियम ठरवून टाका, जो म्हणेल "आत्ताच करायला हवी" त्याच्यामुळेच तो नियम आहे. आणि राहतं घर जिवंतपणी नावावर करून देण्याआधी दहा वेळा विचार करा, प्रेमाने दिलेलं घर कागदावर प्रेमाने परत मिळत नाही.

हे करतं कोण, आणि दोन वेगळी प्रकरणं एकत्र का करू नयेत

पूर्वी असं समजत की काळजी घेऊन घेऊन माणूस थकतो आणि त्या थकव्यातून छळ होतो. ते काही ठिकाणी खरं आहे. पण पुढच्या संशोधनात सारखं दिसत गेलं की बऱ्याच प्रकरणांत उलटं असतं, म्हातारा माणूस छळणाऱ्यावर अवलंबून नसतो, छळणारा म्हाताऱ्या माणसावर अवलंबून असतो, त्याच्या घरात राहतो, त्याच्या पैशावर जगतो, व्यसन असतं, नोकरी नसते, कधी मानसिक आजार असतो आणि उपचार चालू नसतात.

या दोन प्रकरणांना एकच औषध लागू पडत नाही आणि गडबड नेमकी इथेच होते. थकलेल्या सुनेला किंवा मुलाला पोलिसांची भीती घातली तर ती अजून मिटून घेते आणि आतलं काही बाहेर येत नाही, तिला हवी असते सुट्टी, झोप, दुसरे दोन हात. आणि आईच्या पैशावर दारू पिणाऱ्या मुलाला "बिचारा टेन्शनमध्ये आहे" म्हणून समजून घेत बसलात तर तुम्ही त्याला अजून वेळ देताय, तिथे हवा पैशाला लगाम, घराच्या किल्लीवर ताबा, व्यसनाचे उपचार आणि गरज पडली तर कायदा. म्हणून आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा, उद्या हा म्हातारा माणूस इथून निघून गेला तर या दुसऱ्या माणसाचं ओझं कमी होईल की उत्पन्न बंद होईल? उत्तरावरून पुढचा रस्ता बराचसा ठरतो.

दोन्हीत एक गोष्ट मात्र सारखी असते ती म्हणजे एकटेपणा. येणंजाणं कमी झालेलं असतं, फोन दुसराच कोणीतरी उचलतो, "झोपलेत", "बरं नाही", "तुम्हाला बघून त्यांना त्रास होतो" अशी कारणं मिळत राहतात. असं दोनतीनदा लागोपाठ झालं की न सांगता जाऊन धडका.

विचारायचं कसं

एकट्याने. याला पर्याय नाही. केअरटेकर किंवा मुलगा दारात उभा असताना "काही त्रास नाही ना?" विचारलंत तर उत्तर "नाही" हेच येणार आणि तुम्ही निर्धास्त होऊन घरी जाणार. बाहेर फिरायला न्या, डॉक्टरकडे तुम्ही घेऊन जा, नाहीतर त्या दुसऱ्या माणसाला एखाद्या कामाला पाठवा.

कॅनडात फॅमिली डॉक्टरांसाठी एक छोटी प्रश्नावली बनवली गेली, २००८ मध्ये छापली, तिच्यात सहा प्रश्न आहेत, पाच त्या माणसाला विचारायचे आणि सहावा डॉक्टरने स्वतः निरीक्षण करून भरायचा. ती डॉक्टरांसाठी आहे पण तिचा ओघ आपल्यालाही वापरता येतो. गेल्या वर्षभरातलं विचारायचं: आंघोळ, कपडे, खरेदी, बँक, जेवण यासाठी कोणावर अवलंबून राहावं लागलं का? जेवण, कपडे, औषध, चष्मा, कानाचं मशीन, डॉक्टर, किंवा ज्यांना भेटावंसं वाटतं ती माणसं, यातलं काही कोणी अडवलं का? कोणाच्या बोलण्याने लाज वाटली किंवा भीती वाटली असं झालं का? मनाविरुद्ध कागदावर सही करायला किंवा पैसे द्यायला कोणी लावलं का? कोणी घाबरवलं, नको तसा हात लावला, मारलं असं झालं का? आणि सहावं आपल्यासाठी, नजर चुकवतात का, मिटून बसलेत का, अंगावर डाग, अस्वच्छता, उपासमार दिसतेय का.

हे एका दमात वाचून दाखवायचं नाही हो, चौकशी चालल्यासारखं वाटेल. पहिला प्रश्न सोपा आहे, तिथून सुरू करा, कोण काय करतं घरात ते ऐका, बाकीचं त्यातून निघतं. मध्येच "मी असते तर एक दिवस राहिले नसते" असलं काही बोलू नका, ती व्यक्ती लगेच त्या पोराची बाजू घ्यायला लागेल. आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, कारण जिवाला धोका असेल तर तुम्हाला सांगावंच लागणार आहे. त्याऐवजी "तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही, फक्त जीव धोक्यात असेल तर मात्र गप्प बसणार नाही" असं आधीच सांगून टाका.

लांब राहत असाल तर फोनवर हो किंवा नाही एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न विचारा, कारण फोन स्पीकरवर असू शकतो. एखादा परवलीचा शब्द ठरवून ठेवता येतो, तो बोलण्यात आला की समजायचं. व्हिडिओ कॉलवर चेहऱ्यापलीकडची खोलीही बघा.

स्मृतिभ्रंश असलेली माणसं कधीकधी "माझे पैसे चोरले", "मला जेवायला देत नाहीत" असं म्हणतात आणि तसं काही झालेलं नसतं, तो आजाराचा भाग असतो. पण म्हणून प्रत्येक वेळी सोडून द्यायचं नाही, दरवेळी तपासायचं, पासबुक बघायचं, फ्रिज बघायचं, वजन बघायचं. बोलता येत नसेल तर वागणं बघा, एखादा ठरावीक माणूस खोलीत आला की अंग आकसून घेतात का, त्याने हात वर केला की डोकं वाचवतात का.

कळलं, आता पुढे काय

जीव धोक्यात असेल, मारहाण चालू असेल, बेशुद्ध किंवा भ्रमात असतील, तर पोलीस किंवा अँब्युलन्स, विचार करत बसायचं नाही.

तसं नसेल तर पहिलं काम म्हणजे छळणाऱ्याला जाब विचारायला न जाणं. मला माहितीये राग येतो, पण तुम्ही भांडून घरी निघून जाता आणि रात्री ती व्यक्ती त्याच माणसाबरोबर त्या घरात असते, आणि पुढच्या वेळी तुमच्यासाठी दार उघडत नाही. आधी लिहून काढा, तारीख, वेळ, काय दिसलं, ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, तुमचा अंदाज वेगळा लिहा. परवानगी घेऊन फोटो काढा, जवळून एक आणि लांबून एक, डागाशेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून म्हणजे आकार कळतो. बँकेच्या कागदांच्या कॉपी. मग डॉक्टर, तपासणीत काय आढळलं ते केसपेपरवर लिहून मागा. मग आपल्या भागातली ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, सोशल वर्कर, वकील, जे उपलब्ध असेल ते. पैसा जात असेल तर बँकेला त्याच दिवशी कळवायचं, बाकी सगळं थोडं थांबू शकतं, हे नाही.

आणि आता अवघड भाग. समजा त्या माणसाला सगळं समजतंय, डोकं शाबूत आहे, आणि तो म्हणतोय "असू दे, मला कुठे जायचं नाही, मुलाला काही करू नका". तर तो त्याचा निर्णय आहे. आपल्याला पटत नाही म्हणून त्याला समजत नाही असं होत नाही. आणि समजण्याची क्षमता एकदम सगळी जात नाही, गुंतवणुकीचा व्यवहार कळत नसलेल्या माणसाला आपण कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे पक्कं कळत असू शकतं. त्याला उचलून तुमच्या घरी आणलंत, त्याची खोली, शेजारपाजार, रोजची सवय सगळं तोडून, तर तोही एक छळच होतो, फक्त चांगल्या हेतूने केलेला. अशा वेळी करायचं ते एवढंच की संबंध तुटू द्यायचे नाहीत, नंबर त्याच्याजवळ लपवून ठेवायचा, थोडे पैसे आणि कागदांच्या कॉपी दुसरीकडे ठेवायच्या, जाणं चालू ठेवायचं, पुन्हा विचारायचं. पुष्कळदा पहिल्या नकारानंतर बऱ्याच दिवसांनी "हो" येतं.

वृद्धाश्रम किंवा नर्सिंग होम असेल तर

तिथे प्रमाण घरापेक्षा जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार अशा संस्थांतल्या दर ३ कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी वर्षभरात कुठल्यातरी प्रकारे छळ केल्याचं स्वतःच मान्य केलंय. सगळे दुष्ट असतात म्हणून नाही, माणसं कमी, काम जास्त, शिकवलेलं काही नाही, आणि बघणारं कोणी नाही.

ठरवताना ब्रोशर आणि लॉबी बघू नका. जेवणाच्या वेळी जा, संध्याकाळी जा, सुट्टीच्या दिवशी जा, कारण तेव्हा स्टाफ कमी असतो. ज्याला भरवावं लागतं त्याला कोणी भरवतंय की ताट ठेवून उचलून नेतंय, पाणी हाताला येईल असं आहे का, बेल वाजवली की किती वेळाने माणूस येतो, बाथरूमला न्या म्हटलं तर "डायपर आहे ना" असं उत्तर येतं का. माणसाला खुर्चीला किंवा कॉटला बांधायचं त्यांचं काय धोरण आहे ते स्पष्ट विचारा. गोळ्यांनी गुंगीत ठेवणं हेही बांधणंच आहे, स्मृतिभ्रंश असलेल्या वयस्करांमध्ये मानसिक आजारावरच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलाय. म्हणून दिवसभर झोपूनच दिसत असतील तर औषधांची पूर्ण यादी मागा आणि प्रत्येक गोळी का चालू आहे, कोणी सुरू केली, कधी बंद करणार हे विचारा. भेटीच्या वेळा ठरवून घेऊ नका, आज मी येईन की परवा हे त्यांना माहीत नसलेलं बरं.

तुम्हीच सांभाळत असाल तर

वरचं सगळं वाचून तुम्हाला राग आला असेल तर बरोबर आहे, कारण लांबून फोन करून "आईचं वजन का कमी झालं" विचारणारी भावंडं असतात आणि रात्री तीन वाजता चादर बदलणारे तुम्ही असता. त्या भावंडांना सांगायचं की सल्ला नको, दिवस द्या, महिन्यातले अमुक दिवस तू येऊन राहणार, नाहीतर तेवढ्या दिवसांच्या नर्सचे पैसे तू देणार, लिहून ठेवायचं, आणि हे घरात सगळ्यांसमोर ठरवायचं.

स्वतःवर लक्ष ठेवायच्या खुणा: झोप तुटलीये, त्यांचा आवाज ऐकला की पोटात गोळा येतो, धरताना हात गरजेपेक्षा घट्ट होतोय, मनात "एकदाचे सुटले तर" असं येतंय. मनात येणं हा गुन्हा नाही, बहुतेकांच्या येतं. पण हात घट्ट व्हायला लागला की त्या क्षणी माणूस सुरक्षित बसलाय एवढं बघून खोलीबाहेर जा, दार लावा, कोणालातरी फोन करा. अंघोळ आज नाही घातली तर काही बिघडत नाही, खरंच. आणि जो अचानक मारायला धावतो, ओरडतो, थुंकतो तो मुद्दाम करत नसतो, दुखतंय का, पोट साफ झालंय का, लघवीचं इन्फेक्शन आहे का हे आधी बघा, कित्येकदा तेच निघतं. डॉक्टरकडे त्यांना नेता तेव्हा स्वतःचंही सांगा, काळजी घेणाऱ्याचा ताण मोजायची प्रश्नावली असते, झारिट या संशोधकाची, १९८० पासून वापरात आहे, डॉक्टरला तिच्याबद्दल विचारा.

आणि स्वतः साठीच्या पुढे असाल तर

मोबाईल आपला, बँकेचे मेसेज आपल्याच नंबरवर, पिन कोणाला नाही. घराबाहेरची निदान दोनतीन माणसं अशी ठेवा जी आठवड्याला बोलतात आणि तुम्ही फोन उचलला नाही तर चौकशी करतील, आणि ती सगळी एकाच मुलाच्या ओळखीतली नकोत. मित्रमंडळ, वाचनालय, फिरायचा कट्टा काही असो, कोणी म्हणालं "कशाला जाता आता या वयात" तरी जा. घराचे कागद, मृत्युपत्र, विम्याचे कागद यांची एक कॉपी घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे. डॉक्टरला पहिली पाच मिनिटं एकट्याने भेटायचं आणि हे आजपासूनच सुरू करा, सगळं ठीक असतानाच, म्हणजे पुढे कधी खरंच काही सांगायचं असेल तेव्हा "आज एकट्याने का भेटायचंय" असं कोणी विचारणार नाही.